एकच खोली दोन कुळाव्यांना: इनोडीबी कुठे पुरते आणि कुठे तुमचा प्रोग्राम लागतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानात अग्रशाळेच्या (कुळाव्यांच्या, म्हणजे ज्यांचे हे कुलदैवत त्या भाविकांच्या, उतरण्याच्या जागेच्या) खोल्या, अभिषेक-लघुरुद्राची नोंदणी आणि देणगीच्या पावत्या हे सगळे एका जुन्या पीएचपी-मायएसक्यूएल प्रोग्रामवर चालते. टेबले सगळी मायआयसॅमची, म्हणजे मायएसक्यूएलच्या जुन्या साठवण-इंजिनाची. पावसाळ्यात वीज गेली की एखादे टेबल ‘क्रॅश झाले आहे, दुरुस्त करा’ म्हणते आणि दुरुस्तीनंतर काही पावत्या सापडत नाहीत. शिवाय जत्रेच्या दिवसांत एकच खोली दोन कुटुंबांना दिली गेली, आणि हे एकदाच झालेले नाही. कोणीतरी सांगितले की टेबले इनोडीबीत, म्हणजे मायएसक्यूएलच्याच दुसऱ्या इंजिनात, घ्या, सगळे सुटेल. खरेच सुटेल का आणि घ्यायची कशी, असे तुम्ही विचारले आहे.

टेबले जरूर इनोडीबीत घ्या, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. विजेची तक्रार त्याने जवळजवळ आपोआप मिटेल. खोलीची तक्रार मात्र नुसते इंजिन बदलून मिटणार नाही. कुठून कुठपर्यंतचे काम एक मानायचे (अशा एका कामाला ट्रान्झॅक्शन म्हणतात) हे इंजिनाला प्रोग्रामने सांगावे लागते. ते सांगितले नाही, तर इनोडीबीवरही तीच खोली दोघांना जाईल, फक्त आता टेबल न मोडता जाईल. गोव्यातल्या लहान संस्थांचे असे बरेच प्रोग्राम मी हाताळले आहेत आणि ‘इंजिन बदलले, आता निश्चिंत’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी विजेचे. मायआयसॅम डेटा एका फाइलीत आणि इंडेक्स (ओळी लवकर शोधण्याची सूची) दुसऱ्या फाइलीत ठेवते, आणि लिहिलेले खरोखर डिस्कवर उतरले की नाही याची वाट पाहत नाही. ते काम ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवलेले असते. मधेच वीज गेली तर डेटा एक सांगतो आणि इंडेक्स दुसरेच. दुरुस्तीची आज्ञा डेटाच्या फाइलीवरून इंडेक्स नव्याने बांधते आणि ज्या ओळी तिला वाचता येत नाहीत त्या सोडून देते. तुमच्या हरवलेल्या पावत्या बहुधा अशाच गेल्या. ‘दुरुस्त झाले’ हा संदेश टेबल उघडते एवढेच सांगतो. सगळे परत मिळाले असे तो म्हणत नाही.

इनोडीबीची रीत जुन्या पेढीवरच्या कीर्द-खतावणीसारखी आहे. घडलेले आधी क्रमाने कीर्दीत उतरते, खतावणीत सवडीने जाते. खतावणी अर्धी राहिली तरी कीर्दीवरून ती पुरी करता येते. इथली कीर्द म्हणजे रीडू लॉग. कमिट झाले (काम पक्के झाले) असे इंजिन सांगते तेव्हा तो बदल रीडू लॉगमध्ये, डिस्कवर, पोचलेला असतो. मूळ टेबलाचे पान, जे साधारणपणे १६ केबीचे असते, मागाहून लिहिले जाते. वीज येऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला की इंजिन लॉग वाचून राहिलेले बदल पानांवर चढवते, आणि जी ट्रान्झॅक्शन्स कमिट झाली नव्हती ती अनडू लॉगच्या आधारे मागे घेते. पान लिहिता लिहिताच वीज गेली आणि अर्धेच पान उतरले, तर त्यासाठी डबलराइट बफर आहे: पान आधी एका वेगळ्या जागी पूर्ण लिहायचे आणि मग त्याच्या मूळ जागी. यातले काहीच तुम्हाला हाताने करावे लागत नाही.

मात्र एक सेटिंग जपा. ‘इनोडीबी_फ्लश_लॉग_ॲट_टीआरएक्स_कमिट’ याची मूळ किंमत १ असते आणि तुमच्याकडे ती १ च हवी. वेग वाढवायचा म्हणून ती २ किंवा ० करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. २ ठेवली तर वीज गेल्यावर शेवटच्या सेकंदाभरातली कमिट झालेली कामे जाऊ शकतात. ० ठेवली तर मायएसक्यूएल नुसते कोसळले तरी जाऊ शकतात. देणगी देऊन पावती हातात घेतलेल्या माणसाची नोंद त्या सेकंदात असू शकते. देवस्थानाच्या खिडकीवर दिवसाला जेवढ्या नोंदी होतात, तेवढ्यासाठी वेगाची ही कसरत लागतच नाही. आणखी एक: काही स्वस्त डिस्क ‘लिहिले’ असे सांगतात तेव्हा मजकूर त्यांच्या आतल्या कॅशमध्येच असतो. त्यावर कुठलेही इंजिन उपाय करू शकत नाही. चांगला यूपीएस घ्या, आणि त्याची बॅटरी संपत आली की संगणक स्वतःहून नीट बंद होईल अशी जोडणी करून घ्या. जून ते सप्टेंबर हे चार महिने त्याचा खर्च वसूल करून देतील.

आता खोलीकडे येतो, कारण खरा घोळ तिथे आहे.

तुमच्या प्रोग्रामचे आजचे वागणे, अशा बहुतेक प्रोग्रामांसारखे, असे असणार: अमुक खोली अमुक तारखांना मोकळी आहे का ते सिलेक्टने (वाचण्याच्या आज्ञेने) पाहायचे, मोकळी असेल तर इन्सर्ट करायचे (नवी ओळ घालायची). खिडकीवरचा कारकून आणि मुंबईहून ऑनलाइन नोंदणी करणारा कुळावी, दोघांनी एकाच क्षणी ‘मोकळी आहे का’ विचारले तर दोघांनाही ‘हो’ मिळते आणि दोघांचाही इन्सर्ट होतो. एरवी वर्षभर हे घडत नाही, कारण एकाच क्षणी दोघे विचारत नाहीत. जत्रेच्या आठवड्यात विचारतात.

आता समजा टेबले इनोडीबीत घेतली आणि सिलेक्ट-इन्सर्टच्या भोवती ‘स्टार्ट ट्रान्झॅक्शन’ आणि ‘कमिट’ही घातले. तरीही हे थांबत नाही, आणि नेमके हेच लोकांना धक्का देते. इनोडीबीत साधा सिलेक्ट ओळींवर कोणतेही कुलूप (लॉक) लावत नाही. मूळ आयसोलेशन पातळी (एका ट्रान्झॅक्शनला दुसऱ्याचे बदल कितपत दिसावेत याचा नियम) रिपीटेबल रीड असते. तिच्यात ट्रान्झॅक्शनमधल्या पहिल्या साध्या सिलेक्टच्या वेळी डेटाचे एक चित्र गोठते आणि पुढचे साधे सिलेक्ट त्याच चित्रातून वाचतात. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही, लिहिणारा वाचणाऱ्याला अडवत नाही. खिडकीवर दहा जण अहवाल बघत असताना नोंदणी सुरळीत चालते ती याच गुणामुळे. पण तुमच्या दोन्ही ट्रान्झॅक्शन्सना आपापल्या चित्रात खोली मोकळीच दिसणार, आणि दोन्ही इन्सर्ट वेगवेगळ्या ओळींचे असल्याने एकमेकांना अडणार नाहीत.

उपाय दोन आहेत. पहिला कुलपाचा. ट्रान्झॅक्शन सुरू केल्यावर सगळ्यात आधी खोल्यांच्या टेबलातली त्या खोलीची ओळ ‘सिलेक्ट … फॉर अपडेट’ने धरायची. ती मिळाली की तारखा तपासायच्या, इन्सर्ट करायचे, कमिट करायचे. दुसरा माणूस त्याच खोलीसाठी आला तर तो पहिल्याचे कमिट होईपर्यंत त्या ओळीपाशी थांबेल. यात क्रमाला फार महत्त्व आहे. ट्रान्झॅक्शनमध्ये आधी एखादा साधा सिलेक्ट करून (म्हणजे कुळाव्याचे नाव शोधून वगैरे) मग कुलूप लावले, तर चित्र आधीच गोठलेले असते. कुलूप मिळेपर्यंत पहिल्याने खोली घेतलेली असते, तरीही तुमच्या तपासणीच्या साध्या सिलेक्टला ती मोकळी दिसते! म्हणून एक तर कुलूप ही ट्रान्झॅक्शनमधली पहिली आज्ञा ठेवा, नाही तर तारखांची तपासणीही ‘फॉर अपडेट’नेच करा; कुलूप लावणारे वाचन जुने चित्र न पाहता ताजी, कमिट झालेली स्थिती पाहते. ही गोष्ट चाचणीत सहसा सापडत नाही आणि जत्रेत सापडते, म्हणून जोर देऊन सांगतो.

दुसरा उपाय मला अधिक आवडतो. आरक्षणाच्या मुख्य ओळीत ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा तारखा राहू द्या, पण शेजारी एक लहान टेबल करा: खोली_रात्र. त्यात प्रत्येक खोलीच्या प्रत्येक घेतलेल्या रात्रीची एक ओळ, आणि ‘खोली, रात्र’ ही जोडी तिची प्रायमरी की, म्हणजे दुबार होऊ न शकणारी ओळख. तीन रात्री राहणाऱ्यासाठी तीन ओळी. निघण्याच्या दिवसाची ओळ घालायची नाही, म्हणजे सकाळी खोली सोडणारा आणि दुपारी येणारा यांची टक्कर होत नाही. आता एकच खोली एकाच रात्री दोघांना देणे या टेबलात अशक्य आहे. प्रोग्राममध्ये कोणी तपासणी विसरले, उद्या कोणी मोबाइल ॲप बनवले, कोणी थेट पीएचपीमायॲडमिनमधून (डेटाबेस हाताळायच्या वेब साधनातून) ओळ घातली, तरी अशक्यच. पहिल्याचे काम अजून कमिट झालेले नसताना दुसऱ्याने तीच रात्र मागितली तर इंजिन त्याला थांबवून ठेवते. पहिला कमिट झाला तर दुसऱ्याला १०६२ ही ‘दुबार की’ची चूक मिळते, पहिला मागे फिरला तर दुसऱ्याला खोली मिळते.

मग कुणी म्हणेल, युनिक की तर मायआयसॅममध्येही असते. असते, पण फरक इथे पाहा. कुळाव्याने तीन रात्री मागितल्या आणि तिसरी दुसऱ्याकडे आहे. मायआयसॅममध्ये पहिल्या दोन रात्रींच्या ओळी पडून राहतात, म्हणजे कोणाच्याच नावाशी नीट न जोडलेल्या दोन रात्री खोली अडकते. इनोडीबीत तीन ओळींचा तो इन्सर्ट पूर्णपणे मागे फिरतो. आणि तुम्ही रोलबॅक (सगळे मागे घ्या) म्हटले की त्याआधी घातलेली आरक्षणाची मुख्य ओळ, आगाऊ रकमेची नोंद, सगळे मागे फिरते. ते ‘रोलबॅक’ मात्र तुम्ही म्हणायला हवे. १०६२ आल्यावर इनोडीबी फक्त ती आज्ञा मागे घेते, अख्खे ट्रान्झॅक्शन नाही. प्रोग्रामने चूक गिळून पुढे कमिट केले तर खोलीविना आरक्षण तयार होते.

आरक्षण रद्द झाले तर खोली_रात्रमधल्या ओळी काढून टाका आणि मुख्य ओळ ‘रद्द’ असा शेरा मारून ठेवा. दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये.

चुकांबद्दल बोलतोच आहे तर डेडलॉकही घेऊ. एका कुटुंबाला ४ आणि ९ नंबरच्या खोल्या हव्या, दुसऱ्यालाही त्याच, पण एकाचा प्रोग्राम आधी ४ धरतो आणि दुसऱ्याचा आधी ९. दोघेही एकमेकांची वाट पाहत बसणार. इनोडीबी हे ओळखते, एकाला बळी देते आणि त्याचे अख्खे ट्रान्झॅक्शन मागे घेऊन १२१३ ही चूक परत करते. यात बिघाड काही नाही. कुलपे वापरणाऱ्या इंजिनाचे हे नेहमीचे वागणे आहे. खोल्या नेहमी चढत्या क्रमाने, आणि खोलीच्या आत रात्री चढत्या क्रमाने घेतल्या तर हे क्वचितच होईल. तरीही होईल, म्हणून १२१३ आली की तेच ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून पुन्हा चालवण्याची सोय प्रोग्राममध्ये हवीच.

याच्याशी गल्लत होते ती १२०५ची. कुलपाची वाट पाहून कंटाळल्यावर ही येते. मूळ मुदत ५० सेकंद. खिडकीपुढे रांग असताना ५० सेकंद हे फार झाले, मी ती ५ ते १० वर आणतो. महत्त्वाचे असे की १२०५ आल्यावर मूळ सेटिंगप्रमाणे फक्त शेवटची आज्ञा मागे फिरते. आधीच्या आज्ञा आणि त्यांची कुलपे तशीच राहतात. इथेही स्वतः रोलबॅक करा. माझा साधा नियम असा की ट्रान्झॅक्शनच्या आत कोणतीही चूक आली तर आधी रोलबॅक, मग विचार.

त्यासाठी चूक कळायला तर हवी. जुन्या पीएचपीत पीडीओ आणि मायएसक्यूएलआय (पीएचपीतून डेटाबेसशी बोलण्याचे दोन मार्ग) दोन्ही मूळ सेटिंगवर चुकीबद्दल गप्प राहत. पीडीओ पीएचपी ८.० पासून आणि मायएसक्यूएलआय ८.१ पासून आपोआप एक्सेप्शन (प्रोग्रामला थांबवणारी चुकीची सूचना) टाकू लागले. तुमचा प्रोग्राम त्याआधीच्या पीएचपीवर असेल तर एक्सेप्शनची पद्धत हाताने चालू करा. आणि तो अजून जुन्या ‘मायएसक्यूएल_क्वेरी’ वर्गातल्या फंक्शनांवर असेल, तर ती पीएचपी ७ मध्येच काढून टाकली गेली आहेत. इंजिनाच्या आधी ते काम घ्यावे लागेल.

कुलपांबद्दल अजून एक. इनोडीबी ओळीवार कुलूप लावते हे खरे, पण ज्या ओळी ती तपासते त्या सर्वांवर लावते. ‘अमुक फोन नंबरच्या कुळाव्याचा पत्ता बदला’ अशी अपडेटची आज्ञा दिली आणि फोन नंबरवर इंडेक्स नसेल, तर रिपीटेबल रीडमध्ये ती सगळे टेबल चाळते आणि सगळेच कुलूपबंद करते. ‘इनोडीबी घेतली तरी सगळे अडकते’ या तक्रारीमागे मला बहुतेक वेळा हरवलेला इंडेक्सच सापडला आहे.

पावत्यांच्या क्रमांकाचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच. देवस्थानाचे हिशेब महाजनांपुढे (देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांपुढे) आणि मामलेदारांकडे जातात, लेखापरीक्षक पावत्यांचा क्रम तपासतो, आणि मधला क्रमांक गळालेला दिसला की खुलासा मागतो. तो योग्यच मागतो. इनोडीबीतला ऑटो-इन्क्रिमेंट (आपोआप वाढणारा) क्रमांक ट्रान्झॅक्शन मागे फिरले तरी परत येत नाही. म्हणजे नोंद फसली की क्रमांक गेला. हे मुद्दाम तसे ठेवलेले आहे, नाही तर प्रत्येक इन्सर्टला मागच्याच्या कमिटची वाट पाहावी लागली असती. म्हणून ऑटो-इन्क्रिमेंट ही फक्त आतली ओळख ठेवा, छापील पावती क्रमांक म्हणून वापरू नका. त्यासाठी वेगळे टेबल करा: आर्थिक वर्ष, पावतीचा प्रकार, शेवटचा क्रमांक. पावतीच्या ट्रान्झॅक्शनमध्ये त्या ओळीचा क्रमांक अपडेटने एकने वाढवा, तोच वाचा, तोच पावतीवर घाला, कमिट करा. ट्रान्झॅक्शन फसले तर वाढवलेला क्रमांकही मागे येतो आणि पुढच्या पावतीला मिळतो. क्रमांकाची ओळ एकाच वेळी एकालाच मिळते, त्यामुळे पावत्या एकामागून एक होतात. मोठ्या बाजारपेठेच्या प्रोग्रामला हे परवडणार नाही, देवस्थानाला आरामात परवडते. फक्त हे अपडेट ट्रान्झॅक्शनच्या शेवटाकडे ठेवा, म्हणजे ती ओळ क्षणभरच अडते. पावती छापायची ती कमिटनंतर. आणि दिलेली पावती कधीही डिलीट करायची नाही; रद्द असेल तर तिच्याच क्रमांकावर ‘रद्द’.

तुमच्या जुन्या टेबलात बहुधा ‘वर्ष, क्रमांक’ अशी जोड की असेल आणि क्रमांक ऑटो-इन्क्रिमेंट. मायआयसॅमची ती एक खास सवलत होती: दर वर्षी क्रमांक आपोआप १ पासून. इनोडीबीला असा दुसऱ्या जागचा ऑटो-इन्क्रिमेंट चालत नाही आणि टेबल बदलण्याची आज्ञा तिथेच १०७५ चूक देऊन थांबेल. घाबरू नका, वर सांगितलेले क्रमांकाचे टेबल आधी बनवा, त्या स्तंभाचा ऑटो-इन्क्रिमेंट काढा, मग इंजिन बदला.

ऑनलाइन पैशांबाबत एकच नियम, पण तो मोडू नका: भाविक यूपीआयने पैसे भरत असताना ट्रान्झॅक्शन उघडे ठेवायचे नाही. माणूस फोन शोधतो, पिन विसरतो, नेटवर्क जाते. तोवर खोलीचे कुलूप तुमच्याकडे आणि मागची रांग अडलेली. खोली ‘तात्पुरती धरली, अमुक वेळेपर्यंत’ अशी नोंद करून कमिट करा. पैसे पोचल्याचा निरोप आला की नवे ट्रान्झॅक्शन उघडून ती पक्की करा आणि पावती बनवा. वेळ टळली तर धरलेल्या रात्री सोडून द्या. पेमेंट गेटवे तोच निरोप दोनदा पाठवू शकतो, म्हणून त्यांच्या व्यवहार क्रमांकावर युनिक की ठेवा. दुसऱ्यांदा आला तर १०६२ येईल आणि दुसरी पावती होणार नाही. एसएमएस आणि ईमेलही कमिटनंतरच. रोलबॅक टेबलातले मागे घेते, गेलेला एसएमएस नाही.

आता प्रत्यक्ष बदल. आज्ञा अगदी लहान आहे, ‘आल्टर टेबल आरक्षण इंजिन = इनोडीबी’, आणि प्रत्येक टेबलासाठी ती एकदा द्यायची. पण ती पूर्ण टेबल नव्याने लिहिते, तोवर त्यात नवी नोंद होत नाही, आणि डिस्कवर जुने-नवे दोन्ही मावतील एवढी जागा लागते. इनोडीबीचे टेबल मायआयसॅमपेक्षा मोठेही होते. चवथीची किंवा जत्रेची गर्दी असताना हे करू नका. आधी पूर्ण बॅकअप, मग दुसऱ्या संगणकावर त्याची प्रत, तिथे सगळा बदल, तिथे आठवडाभर वापर, आणि मगच खऱ्या ठिकाणी.

बदलायच्या आधी मायआयसॅमची टेबले तपासून, दुरुस्त करून घ्या. मोडके टेबल नव्या इंजिनात न्यायचे नाही. प्रत्येक टेबलाला प्रायमरी की आहे का पाहा. इनोडीबी ओळी प्रायमरी कीच्या क्रमानेच साठवते आणि प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये ती की पुन्हा ठेवते, म्हणून की लहान आणि वाढत जाणारी बरी. की नसेल तर इंजिन आतल्या आत एक लपलेली की बनवते, जी तुमच्या काहीच उपयोगाची नाही. ‘मायएसक्यूएल’ नावाच्या डेटाबेसमधली सर्व्हरची स्वतःची टेबले हाताने बदलू नका. आणि कॅरॅक्टर सेट (अक्षरे साठवण्याची पद्धत) त्याच दिवशी बदलायचा मोह टाळा. देवनागरीसाठी आणि पुढच्या सोयीसाठी यूटीएफ८एमबी४ हवाच, पण ते दुसरे काम आहे. दोन्ही एकत्र केली आणि मराठी नावांची जागा प्रश्नचिन्हांनी घेतली, तर कारण शोधताना दमछाक होते.

फॉरेन कीची (एका टेबलातली ओळ दुसऱ्यातल्या ओळीशी बांधणाऱ्या नियमाची) एक गंमत नाही, तर चांगलीच अडचण आहे. मायआयसॅम फॉरेन कीचे कलम वाचून, काही न बोलता सोडून देत असे. म्हणजे प्रोग्रामच्या मूळ फाइलीत ती लिहिलेली दिसेल, टेबलात ती कधीच नव्हती. इंजिन बदलल्यावर ती आपोआप उगवत नाही. नव्याने घालावी लागते, आणि घालताना अनाथ ओळी, म्हणजे खोडलेल्या कुळाव्याची राहिलेली आरक्षणे, आडव्या येतात. त्या एकेक पाहून निकालात काढा. ‘तपासणी बंद करून घाला’ हा सल्ला ऐकू नका.

एकही टेबल मागे ठेवू नका. पावत्या इनोडीबीत आणि क्रमांकाचे टेबल मायआयसॅममध्ये राहिले, तर रोलबॅकने पावती जाईल आणि क्रमांक वाढलेलाच राहील. मायएसक्यूएल ११९६ असा इशारा देते, पण तो इशाराच असतो, प्रोग्राम तो वाचत नाही. ‘इन्फॉर्मेशन_स्कीमा’च्या ‘टेबल्स’मध्ये प्रत्येक टेबलाचे इंजिन दिसते, बदलानंतर ती यादी स्वतः डोळ्याखालून घाला. मायएसक्यूएल ५.५ पासून, म्हणजे २०१० पासून, इनोडीबी हेच मूळ इंजिन आहे, पण जुन्या प्रोग्रामच्या टेबल बनवणाऱ्या आज्ञांत मायआयसॅम हे नाव अनेकदा लिहिलेलेच असते. दर वर्षी नवे टेबल बनवणारा कोड असेल तर तोही शोधा. तो कोड ट्रान्झॅक्शनच्या मधे चालत असेल तर आणखी वाईट, कारण टेबल बनवणे, बदलणे, रिकामे करणे या आज्ञा आधीचे सगळे न विचारता कमिट करतात. जुने ‘लॉक टेबल्स’ही तसेच, ते काढूनच टाका.

अहवालांत थोडा फरक जाणवेल. ‘एकूण किती ओळी’ हे मायआयसॅम लगेच सांगते, इनोडीबीला मोजावे लागते. ‘ऑर्डर बाय’ न लिहिलेल्या याद्या आता वेगळ्या क्रमाने येतील. चूक इंजिनाची नाही, यादी मागणाऱ्याने क्रम मागितला नव्हता. मेमरीसाठी बफर पूल (इनोडीबी डेटा मेमरीत ठेवते ती जागा) वाढवा. मूळ १२८ एमबी फार कमी आहे. ८ जीबीच्या संगणकावर, इतर कामेही चालत असताना, १ ते २ जीबी देवस्थानाच्या डेटाला पुरून उरते.

बॅकअपची सवय मात्र बदलावीच लागेल. बऱ्याच कार्यालयांत संध्याकाळी डेटाचे फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करतात. मायआयसॅमला ते सर्व्हर बंद असताना चालून जात असे. इनोडीबीत चालू सर्व्हरच्या फाइली कॉपी केल्या, किंवा एकेका टेबलाची फाइल उचलली, तर तो बॅकअप नव्हे. ‘मायएसक्यूएलडम्प’ या बॅकअपच्या प्रोग्रामला ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय देऊन बॅकअप घ्या. तेच गोठलेले चित्र वापरून तो एका क्षणाची सुसंगत प्रत देतो आणि खिडकी बंद ठेवावी लागत नाही. सगळी टेबले इनोडीबीत असतील तरच. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहा. आणि सर्व्हर सुरू होत नसेल तेव्हा ‘आयबीडेटा१’ ही फाइल खोडा, असे कोणी म्हणाले तर हात लावू नका, त्यातच इंजिनाची अंतर्गत नोंद असते. त्या प्रसंगी ‘इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी’ १ पासून एकेक वाढवत, सर्व्हर जेमतेम उभा करून डम्प काढायचा. ४ आणि त्यापुढे डेटा कायमचा बिघडू शकतो, म्हणून तिथे जाण्याआधी फोल्डरची प्रत बाजूला काढायची.

सगळे झाल्यावर चाचणी अशी घ्या. कमांड लाइनच्या दोन खिडक्या उघडा. पहिलीत ट्रान्झॅक्शन सुरू करून १२ नंबरची एक रात्र घाला, कमिट करू नका. दुसरीत तीच रात्र घाला. ती थांबलेली दिसली पाहिजे. पहिलीत कमिट करा, दुसरीत १०६२ यायला हवी. हेच पुन्हा, पण पहिलीत रोलबॅक. आता दुसरीचा इन्सर्ट व्हायला हवा. मग खऱ्या प्रोग्रामवर दोन संगणकांवरून तीच खोली मागून पाहा. शेवटी चाचणीच्या संगणकावर, खऱ्या नव्हे, पावत्या घालत असताना प्लग काढा. पुन्हा चालू केल्यावर जेवढ्या पावत्यांना ‘झाली’ असे उत्तर आले होते तेवढ्या सगळ्या सापडायला हव्यात आणि क्रमांक सलग हवेत. एखादी कमी भरली तर आधी ती १ ची सेटिंग पाहा, मग डिस्क. ‘इनोडीबी_प्रिंट_ऑल_डेडलॉक्स’ पहिली जत्रा पार पडेपर्यंत चालू ठेवा. सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये प्रत्येक डेडलॉकची दोन्ही बाजूंची आज्ञा उतरेल. ते लॉग पाठवलेत तर कोणत्या टेबलात इंडेक्स कमी पडतो आहे ते मी सांगू शकेन.